गजाभाऊंची डावी बाजू

स्टुडिओत आलेला माणूस आधी भिंतीवरच्या आरशात बघतो, केसांवरून कंगवा फिरवतो आणि मग म्हणतो, "चांगला काढा हां." चांगला म्हणजे कसा, ते कोणी सांगत नाही. ते आपण ओळखायचं. आमचं निम्मं काम तेवढंच असतं. बाकीचं निम्मं म्हणजे चौकटीत कोणाला कुठे बसवायचं आणि काय बाहेर ठेवायचं. बटण काय, कोणीही दाबतं.

मी रोह्याच्या बाजारात आमच्या स्टुडिओत फोटो काढते. शाळा चौथीपर्यंत झाली. माहेर पेणकडचं, खाडीकाठचं. आईबाप मिठागरात कामाला होते. लग्न होऊन रोह्याला आले तेव्हा कॅमेऱ्याला हातही लावलेला नव्हता. स्टुडिओ यांचा. मी झाडलोट करायला आणि पडदे धुवायला जायचे. मी फार बुजरी. समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलणं मला आजही जड जातं. भाजी घेताना मी वांग्यांशी बोलते, वांगेवालीशी नाही, असं हे सगळ्यांना सांगतात.

माणसांची तोंडं बघायच्या धंद्यात मी पडले ती बायकांमुळे. गावाकडच्या बायकांना पुरुषासमोर पदर सारखा करायची लाज वाटायची. मग हे बाहेर जाऊन थांबायचे, मी पदर नीट करायचे, हनुवटी उचलायचे आणि यांना हाक मारायचे. हे आत आले की बाईची हनुवटी पुन्हा खाली. एकदा एक बाई वैतागून म्हणाली, "वहिनी, तुमीच काढा ना. दादा आले की माझा दगड व्हतो." यांनी हसत कॅमेरा माझ्या हातात दिला. मी डोळा लावला आणि काय सांगू, मला त्या बाईकडे सरळ बघता आलं. तिच्या भुवईवरचा तीळसुद्धा दिसला. मध्ये कॅमेरा होता ना. तेव्हापासून बघतेच आहे.

शिकवलं सगळं यांनीच. पहिल्या दिवशी म्हणाले, "लहानपणी फुली-गोळा खेळायचीस ना? उभ्या दोन रेघा, आडव्या दोन रेघा. तशा रेघा चौकटीत आहेत असं समज. एकट्या माणसाचे डोळे वरच्या आडव्या रेघेवर ठेव. बरोबर मधोमध ठेवलेस तर डोक्यावर नुसती भिंत उरते आणि माणूस विहिरीत उभा असल्यासारखा दिसतो." मी कितीतरी माणसं विहिरीत उभी केली, तेव्हा कुठे हात बसला.

दुसरं, माणूस ज्या बाजूला बघतो त्या बाजूला जागा जास्त सोडायची. नजरेलाही चालायला अंगण लागतं. नाहीतर माणूस भिंतीला नाक लावून उभा असल्यासारखा वाटतो. तिसरं, हात मनगटात आणि पाय गुडघ्यात कापायचा नाही. कापायचाच तर सांध्याच्या वर किंवा खाली, नाहीतर माणूस मोडल्यासारखा दिसतो. चौथं, मागे काय आहे ते आधी बघायचं. एका मुलीच्या स्थळाच्या फोटोत तिच्या डोक्यातून विजेचा खांब उगवला होता. तो फोटो मी काढलेला नाही, पण आमच्याकडे दुरुस्तीला आला होता. आणि चार माणसं असली तर डोकी फळीवरच्या बरण्यांसारखी एका ओळीत नकोत. कोणी बसलेला, कोणी उभा, कोणी वाकलेला. तीन असतील तर फारच चांगलं, चुलीचे तीन दगड मांडतो तसे मांडायचे. नजर एकावरून दुसऱ्यावर जाते आणि फिरून घरात येते.

एवढंच आहे सगळं. ऐकायला सोपं, पण माणसं काही दगड नसतात. ती हलतात.

उन्हाळ्यात आम्ही पेणला जातो. तिथे एका गणपतीच्या कारखान्यातल्या मूर्तींचे फोटो काढायचं काम आमच्याकडे असतं. परगावचे लोक फोटो बघून मूर्ती ठरवतात. पहिल्या वर्षी मी स्टुलावर चढून वरून फोटो काढत होते, म्हणजे मुकुट छान दिसेल. तिथे डोळ्यांची आखणी करणारे एक म्हातारे तात्या होते. ब्रश थांबवून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बाय, देव काय बिस्किटाचा पुडा हाय, वरून बघतंस तो?"

मी खाली उतरले आणि जमिनीवर बसून काढू लागले.

"आता नुसतं पोटच येल गो! त्याच्या डोळ्याला डोळा लाव. मी कसा आखतो? त्याच्यासमोर बसून. तूही तशीच बस."

मूर्तीच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरला तर देव आपल्याकडे बघतो. वर धरला तर खेळणं होतं, खाली धरला तर डोंगर होतो. माणसाचंही तेच आहे. लहान मूल आलं की मी गुडघ्यांवर बसते. माझे गुडघे आता कुरकुरतात, पण मुलाचा फोटो उभ्याने काढायचा नाही.

विचित्र गिऱ्हाइकंही कमी आली नाहीत. एक तरुण दरवर्षी वाढदिवसाच्या बॅनरसाठी फोटो काढायला येतो. हात जोडून उभा राहतो आणि म्हणतो, "काकी, माझ्या उजवीकडे मोकळी जागा सोडा. तिथे साहेब येणारेत." साहेब प्रत्यक्ष येत नाहीत, कॉम्प्युटरवर चिकटवतात. मधे तो पुन्हा आला. मी विचारलं, नवीन फोटो काढायचा का? म्हणाला, "नको, जुनाच द्या. जागा तीच हाय, फक्त साहेब बदललेत." रिकामी जागा किती कामाची असते, हे मला त्याने शिकवलं.

एक खंत आहे, तीही इथे लिहून ठेवते. कॅमेरा हातात आल्यावर मी माहेरी गेले आणि आईला म्हटलं, मिठागरात तुझा फोटो काढते. मिठाचे ढीग उन्हात नुसते झगझगत होते. आईने घरून चादर आणली आणि दोन बांबूंना बांधून मागे लावली. "मीठ कशाला गो दावतंस जगाला? चांगला काढ." मी चांगला काढला. तो फोटो आज घरात आहे. आई आहे, मागे निळ्या फुलांची चादर आहे, आणि तिचा सारा जन्म त्या चादरीच्या मागे राहिला.

आता गजाभाऊंचं सांगते.

कुंडलिकेच्या पुलावरून पलीकडे उतरलं की अष्टमीच्या बाजूला गजाभाऊंची भज्यांची टपरी आहे. कांद्याची, बटाट्याची आणि मिरचीची भजी. टपरी जरा वेगळी मांडलेली आहे. बाकीचे भजीवाले गिऱ्हाइकाकडे तोंड करून तळतात. गजाभाऊंची शेगडी आत, कडेला, भिंतीशी आहे. तळताना त्यांची फक्त उजवी बाजू रस्त्याला दिसते. पैसे घेताना, पुडी देताना, कोणाशी गप्पा मारताना ते तसेच आडवे उभे असतात. फार वर्षांपूर्वी उकळत्या तेलाची कढई कलंडून त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू भाजली. डोळा वाचला. पण कपाळापासून हनुवटीपर्यंतची कातडी आक्रसली, आणि त्या बाजूचा ओठ हलत नाही. हे त्यांची मुलगी शीतल जन्मायच्या आधीचं. गावातल्या अनेकांना ही गोष्ट ऐकून माहीत आहे, पण समोरून बघितलेले थोडे. त्यांनी बघूच दिलं नाही.

शीतलचं लग्न ठरलं, माणगावकडे. आमच्याकडे पद्धत आहे, हळद लागायच्या आधी मुलीचा घरच्यांबरोबर स्टुडिओत फोटो काढतात. गळ्यात मंगळसूत्र नसलेला शेवटचा फोटो. एक प्रत माहेरी लागते, एक मुलीबरोबर सासरी जाते. आणि हळद लागली की मुलीने नदी ओलांडायची नाही, असं शीतलच्या घरी मानतात. घर अष्टमीला, स्टुडिओ रोह्यात, मध्ये नदी. त्यामुळे हळदीच्या आदल्या दिवशी शीतल आईला घेऊन दुपारीच आली.

"बाबा?" मी विचारलं.

"येतायत," शीतल म्हणाली.

तिची आई, कुंदावहिनी, पडद्याजवळ उभ्या राहिल्या. "येतायत कसले! मघापासून पुलावर उभं राहून पाणी बघतायत. साखरपुड्यालापण तेच केलं. सगळा वेळ आचाऱ्याजवळ. एका फोटोत नायत. व्याह्यांकडचे पाहुणे विचारतात, मुलीचे वडील कोण? मी सांगते, ते काय, कढईच्या मागे."

"आई, तू गप. मी आणते." शीतल गेली.

ती त्यांना हाताला धरून घेऊन आली. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल. आत आल्याबरोबर ते आरशाकडे पाठ करून उभे राहिले. आरशाकडे पाठ करणारं गिऱ्हाइक मी पहिल्यांदाच बघत होते.

"वहिनी, दोघींचा काढा," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "मी बाजूला बसतो. पोरीच्या सासरी भिंतीवर हे थोबाड कशाला? उद्या तिची पोरं भिऊन जेवायची नायत."

"मग माझाही नको," शीतल म्हणाली. "चल आई, घरी."

"अगो, उद्या हळद! परत कधी येशील?" कुंदावहिनी म्हणाल्या.

"नाय येणार. ऱ्हाऊ दे रिकामी भिंत."

कुंदावहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. मी नेहमीसारखी जमिनीकडे बघत होते. पण हा फोटो आज झाला नाही तर कधीच होणार नाही, एवढं मला कळत होतं. मी म्हटलं, "गजाभाऊ, मी असा बसवते की ती बाजू दिसणारच नाही. एकदा काढून बघू. नाही आवडला तर पुसून टाकू."

ते तयार झाले, म्हणजे फक्त 'नाही' म्हणाले नाहीत.

मी त्यांना लाकडी स्टुलावर बसवलं. शीतलला त्यांच्या डाव्या हाताला, जरा खाली, वेताच्या बुटक्या मोड्यावर. कुंदावहिनी मागे उभ्या. चुलीचे तीन दगड. मग त्यांना सांगितलं, कॅमेऱ्याकडे बघू नका, मुलीकडे बघा. मान डावीकडे वळली की कॅमेऱ्याला फक्त उजवा गाल दिसतो. खिडकीचा उजेड त्याच गालावर येत होता. बाप लेकीकडे बघतोय, नजरेसमोर लेक आहे, म्हणजे नजरेला अंगणही मिळालं. मी फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितला. खरं सांगते, मला माझाच अभिमान वाटला. यांनी शिकवलेलं सगळं त्या एका फोटोत होतं.

गजाभाऊंनी बघितला. "हां," म्हणाले, "हे बरं झालं." त्यांचे खांदे खाली आले.

कुंदावहिनींनी पदर डोळ्यांना लावला. शीतलने मात्र कॅमेरा हातात घेऊन बराच वेळ बघितलं.

"काकी, फोटो चांगला हाय. पण हा नको."

"आता काय झालं गो?" गजाभाऊ म्हणाले.

"बाबा, हा फोटो तिकडं भिंतीवर लागणार. मी कधी त्याच्यासमोर उभी राहीन, तुमची आठवण आली म्हणून. तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघणार नाय. तुम्ही ह्या मोड्यावरच्या शीतलकडं बघत बसणार. मग मी कोणाकडं बघू?"

तिने कॅमेरा माझ्या हातात परत दिला. बाहेर रिक्षावाल्यांचा आवाज येत होता.

मी कित्येक माणसांना 'इकडे बघा' म्हटलं आहे. ते का म्हणायचं, याचा विचार मी कधी केला नव्हता. डोळे कॅमेऱ्यात आले की फोटो जिवंत होतो, एवढंच यांनी सांगितलं होतं. पण फोटोतला माणूस उद्या कोणाकडे बघणार आहे, हे ती मुलगी सांगत होती, आणि तिचं बरोबर होतं.

गजाभाऊ हळू आवाजात म्हणाले, "शीतल, तुला नेहमीची सवय हाय म्हणून. लोकांना बघवत नाय गो."

"लोकांना भिंतीवर नाय लावायचंय मला." ती मोड्यावरून उठून त्यांच्या डाव्या बाजूला, त्यांच्याच स्टुलाच्या कडेवर अगदी चिकटून बसली. "मी लहानपणी कुठं बसायचे टपरीत? शेगडी आणि मागची भिंत यांच्या मधे. गिऱ्हाईक तिकडून, मी इकडून. अभ्यास तिथंच केला, झोपले तिथंच. सगळ्या गावाला तुमची ती बाजू पाठ हाय, मला ही. तुम्ही तिकडं मान फिरवली ना, की मला ओळखीचा माणूस गेल्यासारखं वाटतं."

 गजाभाऊंनी मान हळूहळू समोर आणली. अगदी हळू, भरलेली कढई उतरवताना धरतात तशी सांभाळून. आणि कॅमेऱ्यातून मी त्यांचं पूर्ण तोंड पहिल्यांदा बघितलं. मी एरवी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही, म्हणूनच ते माझ्याकडे यायला तयार झाले असतील, असं मला तेव्हा वाटून गेलं. आता मी बघत होते आणि त्यांना ते कळत होतं. त्यांची बोटं गुडघ्यावर आवळली.

मी केलेली उंचीची मांडणी आता चुकली होती. शीतल वर सरकून बसल्याने तिचा गाल त्यांच्या भाजलेल्या गालाजवळ आला होता. दोन डोकी एका उंचीवर, बरण्यांसारखी. मी सारखी करायला पुढे झाले आणि थांबले. म्हटलं, असू दे.

पण चेहरे ताठ झाले होते. तिघांचेही. असा फोटो पोलिसांत द्यायला बरा. मला गिऱ्हाइकाला हसवता येत नाही, ते यांचं काम, आणि हे एका साखरपुड्याच्या ऑर्डरला गेले होते. मी नुसती उभी राहिले. शीतलला बहुतेक माझी अडचण कळली. तिने एकदम जाड आवाज काढला, टपरीवरच्या कोणा गिऱ्हाइकासारखा:

"ओ गजाभाऊ, मिरची तिखट हाय काय?"

आणि मागून कुंदावहिनींनी, चेहरा जराही न हलवता, गजाभाऊंच्या आवाजात उत्तर दिलं, "खाऊन बघ. मग आयशीला हाक मार!"

गजाभाऊ फसकन हसले. मी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी तो फोटो यांनी कॉम्प्युटरवर उघडला. यांचा हात त्या कामात फार चांगला आहे. मुरूम घालवतील, पांढरे केस काळे करतील, मिटलेला डोळा दुसऱ्या फोटोतून आणून बसवतील. मला हाक मारली. "काय गो, गजाभाऊंची डावी बाजू जरा सारखी करून देऊ? कोणाला कळणारपण नाय."

मी मागे जाऊन उभी राहिले. फोटो मोठा करून लावला होता. गजाभाऊ हसत होते, पण त्यांचं हसू उजव्या बाजूलाच होतं. ओठाच्या मधोमध येऊन ते थांबलं होतं, कारण पुढचा ओठ हलतच नाही. आणि तिथेच, त्याला लागून, शीतलचा चेहरा होता, तोंडभर हसणारा. बापाच्या तोंडात अर्धं राहिलेलं हसू लेकीच्या तोंडावर पुढे गेलं होतं. मधल्या भाजलेल्या जागेवरून नजर अडखळत नव्हती. ती पलीकडे जात होती. ही मांडणी मी केली नव्हती. मला सुचलीही नसती.

"हात लावू नका," मी म्हटलं.

"गिऱ्हाइकाने सांगितलंय?"

"नाय. मी सांगतेय."

यांनी खुर्ची फिरवून माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं नाही. हे म्हणाले, "बरं बाई," आणि प्रिंटला टाकला.

शीतलची प्रत कुंदावहिनींनी माणूस पाठवून नेली, ती पाठवणीच्या सामानात गुंडाळून गेली. गजाभाऊंनी ती बघितलीच नसावी. लग्नघरात कोणाला वेळ असतो? माहेरची प्रत आमच्याकडेच राहिली. त्यांना हवी आहे की नको, मला कळेना. फोन करायचं धाडस होईना. फोनवर तर समोर कॅमेराही नसतो.

लग्नाचा मांडव उतरल्यावर एका दुपारी ते स्वतः आले. टपरीवरून थेट आले होते, अंगाला तेलाचा वास. दारात तसेच आडवे उभे राहिले, उजवी बाजू माझ्याकडे.

"शीतलचा फोन आला होता," ते म्हणाले. "म्हणाली, भिंतीवर लावला. सासू म्हणाली, बाप-लेक हसतात सारखे." मग म्हणाले, "मी नाय बघितला अजून."

मी पाकिटातून फोटो काढून काउंटरवर ठेवला आणि उगीच पडद्याची घडी घालू लागले. ते जवळ आले. आधी लांबूनच बघितलं. मग त्यांनी डावा हात पुढे केला आणि चार बोटं फोटोवर ठेवली, आपल्या चेहऱ्याच्या त्या बाजूवर. आरसा समोर आला की ते असंच करत असणार, इतकं ते सवयीने झालं. उरलेला चेहरा बघून त्यांनी मान हलवली. मग त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. ते फोटोत शोधू लागले.

शीतल दिसत नव्हती. ती बोटांखाली गेली होती.

त्यांनी बोटं उचलली. पुन्हा ठेवली नाहीत. काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून ते फोटोवर ओणवे झाले आणि किती वेळ तसेच राहिले कोण जाणे. चकचकीत कागदावर त्यांच्या बोटांचे तेलकट ठसे उठले होते. मी पुसायला फडकं पुढे केलं, पण त्यांनी शर्टाचं टोक धरलं आणि स्वतःच पुसू लागले. आधी शीतलच्या गालावरचा ठसा पुसला, मग आपल्या.